रविवारचा समुद्र

ललिता भालेराव यांना गाडी चालवता येते, ही गोष्ट येरवड्यात कुणाला फारशी पटलेली नव्हती. खुद्द ललिताबाईंनासुद्धा. त्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर हिंजवडीत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने, समाधानने, हट्टाने त्यांचं नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी "काकू, तो क्लच आहे, शिवणयंत्र नव्हे" असं ऐकवून पुण्याची रीत पाळली. बाई चिकाटीने शिकल्या, लायसन्सही मिळालं. फक्त गाडी मिळेना, कारण किल्ली कायम रतनरावांच्या खिशात.

रतनराव म्हणजे यजमान. पाटबंधारे खात्यात अभियंता, निर्व्यसनी, सरळमार्गी, आणि बोलायला कोरडे ठणठणीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी ललिताबाईंनी एकदा समुद्र बघायचाय म्हटलं, तर उत्तर आलं, "खारं पाणी बघायला एवढं लांब? नळाला गोडं आलंय, ते भर आधी." पुढे मुलं लहान होती, मग घराचं कर्ज होतं, मग मुलांची कॉलेजं. नव्वद साल उलटलं तसे शेजारपाजारचे लोक गोवा करून आले, मग सिंगापूर करून आले. भालेरावांच्या दारातही यथावकाश निळी वॅगन-आर उभी राहिली. पण ती धावायची खडकवासल्याला. महिन्यातला एक रविवार साहेबांना धरणावर पाहणीला जावं लागे. दुसऱ्या दिवशी ललिताबाई गाडीतल्या चटया झटकायच्या, त्यातून वाळू निघायची आणि बाई मनात म्हणायच्या, बिचाऱ्यांना रविवारसुद्धा सुखाचा नाही. आपण दोघांनी मिळून मन मारलं, दोघंही सारखेच उपाशी राहिलो, हा त्यांच्या संसाराचा अभिमान होता. या एका समजुतीवर बाईंनी सगळं हसत निभावून नेलं.

यंदा दीक्षाभूमीला रतनराव विहारातल्या मंडळींबरोबर नागपूरला गेले. ललिताबाईंचं तिकीट वेटिंगवरच राहिलं. रविवारी सकाळी उठून बघतात तर घर रिकामं आणि किल्ली चक्क खुंटीवर. बाईंनी चहा घेतला, दोनदा किल्लीकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा उचलली.

ताम्हिणी घाटात मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार केला. बाईंनी सगळ्यांना हात दाखवून पुढे जाऊ दिलं, आपली चाल काही बदलली नाही. माणगाव गेलं, दिवेआगर गेलं. भरडखोल मागे पडलं आणि रस्ता पाण्याच्या कडेकडेने धावू लागला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. मध्ये कठडासुद्धा नाही. वळण संपलं की पाणी पुन्हा समोर हजर. वाटेत सुकत घातलेल्या मासळीचा वास आला, तोही त्यांना गोड लागला. वाटेल तिथे गाडी थांबवावी, चपला काढून वाळूत उतरावं, पाय ओले करून परत यावं, असं त्यांचं चाललं होतं. "आटप" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. एकदा तर त्या एकट्याच मोठ्याने हसल्या.

हसल्या आणि लगेच चुकल्यासारखं झालं. आपण एकट्याने सुख लुटतोय आणि तो माणूस तिकडे रेल्वेच्या गर्दीत चेंगरत गेलाय. पुढच्या महिन्यात त्यांना शेजारी बसवून इथेच आणायचं, नाही म्हणाले तरी आणायचं, असं त्यांनी पक्कं ठरवून टाकलं.

आरावीच्या अलीकडे एका घराबाहेर 'घरगुती जेवण' अशी पाटी होती. अंगणातल्या बाईने गाडी दिसताच ओळखीने हात केला आणि पुढे आली. तिचं नाव गोदाबाई, खानावळ तिचीच.

"आज उशीर केलात साहेब," ती म्हणाली, आणि आत डोकावून थबकली. "साहेब नाय आले? गाडी तर तीच. मागच्या काचेवर निळं चक्र आहे ना. तुम्ही त्यांच्या हापिसातल्या काय?"

ललिताबाईंनी हो म्हणून मान हलवली. ती का हलवली, ते त्यांनाही कळलं नाही. आत जाऊन बसेपर्यंत त्यांनी डोळ्यांसमोर एक बाई उभी केलीसुद्धा, कापलेल्या केसांची, गॉगलवाली. मग विचारलंच, साहेबांबरोबर कोण असतं म्हणून.

"कोण असणार? एकटेच येतात दर महिन्याला. जेवले की त्या सुरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात पार उन्हं उतरेपर्यंत. गाणी म्हणतात. गळा काय आहे साहेबांचा!" भाकरी थापता थापता गोदाबाईने उसासा टाकला. "पण बायकोला समुद्र आवडत नाय म्हणे. कितीदा म्हटलं तरी येत नाय. मग काय करतील बिचारे."

म्हणजे ती वाळू धरणावरची नव्हती.

गॉगलवाली असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या, समाधानपुढे रडता आलं असतं, चार लोकांत न्याय मागता आला असता. खुर्चीशी कसं भांडायचं? या माणसाने दुसरं कुणी लपवलं नव्हतं, स्वतःलाच लपवलं होतं. घरी आंघोळ करतानासुद्धा ज्याने कधी सूर काढला नाही, तो इथे परक्या अंगणात गात होता. आणि वर खापर फोडलं होतं बायकोच्याच माथ्यावर. आपल्याला फसवलं, इतकी वर्षं सरळसरळ फसवलं, हे ललिताबाईंना कळलं आणि त्या रागारागाने जेवल्या. भाकरी पुन्हा मागून घेतली.

हात धुवत होत्या तोच मोबाइल वाजला. रतनराव नागपूरहून बोलत होते. गर्दी फार, पण दर्शन नीट झालं, म्हणाले. मग विचारलं, मागे आवाज कसला येतोय?

"समुद्राचा," ललिताबाई म्हणाल्या. "गाडी घेऊन आलेय. एकटीच."

त्यांनी नवऱ्याला जागा करून दिली होती. आता तरी सांगावं. आत्ता सांगितलं तर भांडण होईल, दोन दिवस अबोला होईल, पण पुढच्या रविवारी त्या सुरूखाली दुसरी खुर्ची मागता येईल. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"वेडी कुठली," रतनरावांचा आवाज एकदम मऊ झाला. "मला म्हणाली असतीस तर दोघं गेलो असतो. मी तरी कुठे पाहिलाय समुद्र?"

ललिताबाईंनी फोन कानावरून काढला आणि ताटं उचलणाऱ्या गोदाबाईपुढे धरला.

"साहेबांचा आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, तुमची बायको येऊन जेवून गेली."

आणि गाडीकडे चालू लागल्या.