कॉफीच्या भांड्यावरचा कॅमेरा

टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषेसाठी प्रश्न काढणं हे तिचं काम. स्टुडिओच्या मागच्या अंगाला तिची खोली होती, एसीच्या पाण्याने भिंत ओली झालेली. जुनी मासिकं, प्रवासवर्णनं, यंत्रांची माहितीपुस्तकं, नटनट्यांच्या मुलाखती असा पसारा उपसून ती काहीतरी गमतीदार हुडकून काढायची. ते खरं आहे का हे चार ठिकाणी ताडून बघायची आणि मगच त्याचा प्रश्न करायची. ऑफिसात सगळे तिला 'चौकशी खिडकी' म्हणत. तिला ते आवडायचं.

घरी आई आणि तिला ताई म्हणणारा धाकटा भाऊ. तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. जेवायला बसलं की दिवसभरात सापडलेलं काहीबाही ती सांगायची. एक पथ्य मात्र कसोशीने पाळायची: घरी जे बोलून झालं, त्याचा प्रश्न म्हणून करायचा नाही.

एकदा तिने सांगितलं, जगातला पहिला वेबकॅम एका विद्यापीठात कॉफीच्या भांड्यावर लावला होता. लोक लांबून चालत यायचे आणि भांडं रिकामं निघायचं, म्हणून जागेवर बसूनच ते दिसावं अशी सोय केली.

"रिकामं असेल तर दुसरी करायची," आई म्हणाली. "त्याला कॅमेरा कशाला?"

ताई हसली. भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून नुसतं "हं" म्हणाला.

भाऊ एका छापखान्यात मशीन चालवायचा. छापखाना बंद पडला आणि तो घरी बसला तो बसलाच. सुरुवातीला रोज आंघोळ करून बाहेर पडायचा, मग तेही सुटलं. "मला तुझ्या कार्यक्रमात घुसव ना," असं म्हणत त्याने तिच्या मागे लागून पाहिलं होतं. तिथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांना भाग घेता येत नाही, हे तिने त्याला समजावून सांगितलं. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. त्याला पटलं असावं, असं ती धरून चालली.

स्पर्धक निवडणारी माणसं वेगळी होती. प्रश्नवाल्यांना ती नावं कळूही देत नसत. चित्रीकरण चालू असताना ती शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसायची, उत्तरावरून वाद झालाच तर निकाल द्यायला. एके दिवशी तिने पडद्याकडे पाहिलं. खुर्चीत भाऊ बसला होता. खाली पट्टीवर मामाचं आडनाव, मामाचं गाव आणि अंगात तिनेच वाढदिवसाला घेतलेला निळा शर्ट.

ती उठली. दारापर्यंत गेली. आता बोललं तर त्याला सगळ्यांदेखत उठवतील, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. ती परत येऊन बसली.

तो बरा खेळत होता. इतकं ताठ बसलेलं तिने त्याला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मग पुढचा प्रश्न आला, पलीकडच्या टेबलावरच्या नव्या मुलीने काढलेला: जगातला पहिला वेबकॅम कशावर नजर ठेवायला लावला होता? बँकेची तिजोरी, बाळाचा पाळणा, कॉफीचं भांडं की माकडांचा पिंजरा?

ताईने डोळे मिटले. आता तो जिंकणार आणि आपण मेलो, असं तिला वाटलं.

"तिजोरी," भाऊ म्हणाला. विचारसुद्धा केला नाही त्याने.

तो बाहेर आला तेव्हा ती मेकअपच्या खोलीपाशी उभी होती. कार्यक्रमाचे निर्माते तिथेच चार-पाच जणांबरोबर चहा घेत उभे होते. भावाचं कोणाकडे लक्षच नव्हतं.

"ताई, तू एवढी इथे असतेस," तो म्हणाला, "आणि मला हे एक सांगता आलं नाही तुला?"

"सांगितलं होतं," तिच्या तोंडून निघून गेलं. "घरी, जेवताना."

निर्मात्यांनी कप खाली ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. तिने परोपरीने सांगितलं की प्रश्न तिचा नव्हता, ती गोष्ट फार जुनी होती, आणि आधी फोडून सांगितलं असतं तर तो चुकला कसा असता? निर्माते वाईट माणूस नव्हते. "मला पटतंय हो," ते म्हणाले. "पण सगळ्यांनी ऐकलंय. मी कोणाकोणाला पटवत बसू?" तो भाग दाखवलाच नाही. तिला दुपारीच घरी पाठवलं, ते कायमचं. दुसऱ्या दोन कार्यक्रमांकडे तिने विचारून पाहिलं. तिच्याआधी तिची ख्याती तिथे पोचली होती.

घरी आईने भावाची बाजू घेतली. "खरं नाव सांगितलं असतं तर त्याला घेतलं असतं का? तो तरी काय करणार?"

"मी काय मुद्दाम केलं?" भाऊ म्हणाला. "आणि तू ते कधी सांगितलं होतंस? मला तर आठवत नाही."

"आई, तुला आठवतं ना? तू हसवलंस मला त्यावर."

आई भांडी आवरत होती. "तू किती काय काय सांगायचीस गं," ती म्हणाली. "आम्ही आपलं हो हो करायचो."

भाऊ पुढे मामाकडे राहायला गेला, तिथेही घरीच बसून असतो म्हणे. ताई आता एका गोदामात खोक्यांवर पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवते. तिथे बोलायला मनाई नाही, पण खोकी पुढे सरकवणाऱ्या यंत्राचा आवाज फार.

मागे एकदा ती दात दाखवायला गेली होती. समोरच्या जुन्या मासिकात लिहिलं होतं की सरकता जिना नवा होता तेव्हा एका मोठ्या दुकानात वर पोचलेल्या गिऱ्हाइकांना धीर यावा म्हणून ब्रँडी देत असत. तिला हसू आलं. शेजारी एक बाई गाल धरून बसली होती. ताईने तिच्याकडे पाहिलं, मासिकाचं पान उलटलं आणि नंबर लागेपर्यंत पुढचं वाचत बसली.