वरची माणसं आणि शैलाचे बापू

ज्या कुणी आमच्या आकाशमंडळाच्या फळ्यावर 'वर माणसं फिरवा, खाली टँकर फिरवा' असं खडूनं लिहिलं, त्यानं लिहून पळून जायला नको होतं. थांबला असता तर भांडलो असतो, चहाही पाजला असता. आता ते वाक्य डोक्यात रुतून बसलंय आणि उत्तर ऐकायला समोर कुणी नाही!

मंडळ म्हणजे बीडच्या कॉलेजातले आम्ही तिघं : मी, इरफान आणि शैला. आकाश बघायला निघतो आणि परतताना दुर्बिणीपेक्षा किस्सेच जड झालेले असतात. पण गेल्या उन्हाळ्यातले किस्से सांगताना मला हसू कमीच येतं.

कारण शैलाला एम.एस्सी.साठी केरळात जागा मिळाली होती. विषय अवकाश विज्ञान. प्रवेश पक्का करायला फक्त आठ दिवस. आणि तिचे वडील, बापू, मांजरसुंब्याच्या डोंगरात मेंढरं वळतात. त्यांची अट एकच :

"ते घर पृथ्वीभोवती फिरतंय म्हंता, त्यात माणसं ठिवून काय मिळतं ते मला पटवा. मग पोरीला धाडतो."

*

पहिल्याच संध्याकाळी आम्ही बापूंना ते फिरतं घर, म्हणजे अवकाश स्थानक, दाखवायला गेलो. इरफानच्या मोबाईलवर वेळ होती, दिशा होती. आम्ही सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे. ठरल्या मिनिटाला एक दिवा दिसला. इरफान ओरडला, "आलं! बापू, त्यात माणसं बसलेली आहेत!"

"असतीलच की," बापू म्हणाले. "इमान हाय ते. रोज ह्याच टायमाला जातंय. लुकलुकतंय बघ."

मग त्यांनी काठी डोक्यामागे नेली. "न लुकलुकणारं एक आत्ता तिकडून वर आलं अन् डोक्यावर येऊन इझलं. तुमचं ते तर न्हवं?"

तेच होतं! इरफाननं मावळतीची दिशा उगवतीची म्हणून वाचली होती. सात दिवस उरले.

*

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा घेता घेता मी ठरवलं, आता थेट पाण्याचा मुद्दा काढायचा. म्हणालो, "बापू, वर थेंबही वाया जात नाही. घाम, लघवी, सगळं गोळा करतात, शुद्ध करतात आणि तेच पितात!"

बापूंनी कप खाली ठेवला. गल्ल्यावरचा ढाबेवाला म्हणाला, "ओ भाऊ, हळू बोला! गिऱ्हाईक बसलंय."

बापू मात्र विचारात पडले होते. "मशीन लई झ्याक हाय. त्या मूठभर माणसांसाठी बनवलं. मग आमच्या वस्तीवर टँकर कावून?"

मी चहाचे पैसे देऊन उठलो. घरी जाताना इरफान म्हणाला, "मुद्दा कुणाचा होता बे, तुझा का त्यांचा?"

*

मग इरफाननं आरोग्याची बाजू घेतली. "बापू, वर वजनच जाणवत नाही. त्यामुळं हाडं झिजतात, पाय बारीक होतात. ते का होतं याचा अभ्यास चालतो. उद्या म्हाताऱ्या माणसांच्या हाडांना त्याचा उपयोग होईल."

"मग ती पोरं काय करतेत?"

"रोज दोन-दोन तास पळतात. पट्ट्यावर."

"पळून जातेत कुटं?"

"कुठंच नाही. जागच्या जागी."

बापूंनी एक मेंढरू काठीनं कळपात सारलं. "एवढं खर्चून वर नेलं, तिथं जाग्यावर पळवलं. त्यापरीस त्यांच्या हातात माझी मेंढरं द्या की!"

शैलासुद्धा हसली. मी नाही हसलो. चार दिवस उरले होते आणि आम्ही तिघं पदवीधर एका माणसापुढं हरत होतो.

*

सहाव्या दिवशी माझा संयम सुटला. मी बापूंना सुनावलंच, "वादळ येणार हे आधी कळतं ते कुणामुळं? पावसाचा अंदाज कुणामुळं? वरच्या त्या माणसांमुळंच ना!"

"खोटं नको सांगू," शैला मध्येच म्हणाली. "ते उपग्रह करतात. त्यात माणूस नसतो."

मी तिला डोळ्यांनी गप्प करायला बघतोय, आणि ही आपली चालूच! "बापू, लई कामं यंत्रानं स्वस्तात होतात. माणूस वर ठेवायचा म्हणजे हवा, पाणी, जेवण, सगळ्याची सोय करायची. हे परवडतं का न्हाई, मला अजून नक्की माहीत न्हाई. तेच शिकायला जायचंय."

बापू उठले, मेंढरं वळवली आणि निघून गेले.

"संपलं," मी इरफानला म्हणालो.

*

शेवटचा दिवस. बीडला नेट कॅफेत आम्ही तिघं. पाच वाजता साइट बंद होणार. पावणेपाचला कळलं की प्रवेश पक्का करायला ओटीपी लागतो. आणि शैलानं फॉर्मवर नंबर दिला होता बापूंचा! घरात मोबाईल तेवढा एकच. तो बापूंच्या खिशात, बापू डोंगरात, आणि डोंगरात रेंज फक्त माथ्यावर.

सुदैवानं बापू माथ्याच्या जवळच असावेत, फोन लागला. इरफान कुजबुजला, "गॅस सिलिंडरचा नंबर येणार आहे, असं खोटंच सांग!"

शैलानं नाही म्हणून मान हलवली. "बापू, आता मोबाईलवर एक आकडा येईल. तो दिला म्हंजे मी केरळला गेले. न्हाई दिला तर राहिले."

"बरं," बापू म्हणाले आणि रेंज गेली.

तिनं बटण दाबलं. दहा मिनिटांचा ओटीपी. चार मिनिटं गेली. सहा गेली. आम्ही लावला तर फोन लागेना. इरफान नखं खात होता, मी भिंतीवरचं घड्याळ. शैला हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती.

आठव्या मिनिटाला फोन वाजला. नंबर बापूंचा, आवाज भलत्याचाच, धापा टाकणारा.

"शैलाताई का? मी भिवा, बापूच्या जोडीला मेंढरं वळतो. त्याला वाचता येत न्हाई, म्हणून मला वढत माथ्यावर आणलंय. घ्या लिहून."

त्यानं एकेक आकडा मोठ्यानं वाचला. शैलानं भरला. स्क्रीनवरचं चक्र गोल गोल फिरलं आणि स्क्रीन हिरवी झाली.

"झालं का?" भिवा म्हणाला. "बरं झालं. ह्यो हितंच हुबा हाय, पर फोन घेईना. इचार म्हंतोय, तिकडं केरळात रेंज हाय का?"