दहा मीटरवरची दुर्बीण

निशाण्याच्या कार्डामागे पत्र्याची एक पेटी असते. एअर रायफलचा छर्रा कार्ड फोडतो, पेटीत पडतो आणि चपटा होतो. रोजचे दोन-चार छर्रे पडताना काही वाटत नाही. महिन्याने भोईर सर पेटी उलटी करतात तेव्हा कळतं की अरे, हे तर उचलवत नाही! आमच्या रेंजवरच्या गोष्टींचंही तसंच झालंय. मी त्या वहीत उतरवून ठेवतो. परवा वही चाळली, तर निम्म्याहून जास्त गोष्टी स्कोपच्याच, म्हणजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीच्याच निघाल्या.

रेंज म्हणजे डोंबिवली पूर्वेला, भोईर सरांच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांमधली भिंत काढून केलेली जागा. बरोबर दहा मीटर बसतात. अकरावा मीटर हवा असेल तर शेजारच्या पिठाच्या गिरणीत जावं लागेल. भोईर सर आमचे कोच. रविवारी सकाळी तिथे आम्ही तिघं नवशिके जमतो. एक मी, पन्नाशी उलटलेला. दुसऱ्या गायकवाड मॅडम, टिटवाळ्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळतात. आणि तिसरे मोहन्याचे सावंत काका, वय एकसष्ट.

सावंत काका रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने रायफल घेतली. वर्षभर बरे मारत होते, आणि मग उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी आणि समोरचं कार्ड यांचं जमेना. माशी दिसली की कार्ड गायब, कार्ड दिसलं की माशी गायब.

सावंत वहिनींनी सरळ निकाल दिला. "दसऱ्यापर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर ती बंदूक माळ्यावर आणि तुम्ही माझ्याबरोबर भजनाला!"

काकांना भजनाचं वावडं नाही. पण तिथे टाळ वाजवायला देतात, आणि काकांच्या मते टाळ वाजवणं हे फिटरचं काम नव्हे. त्यामुळे स्वस्तातला पण चालणारा स्कोप शोधणं हे आमच्या रेंजचं त्या वर्षीचं राष्ट्रीय कार्य झालं.

*

काकांच्या आधी स्कोप मी घेतला. म्हटलं, आपण पुढे होऊन अनुभव घ्यावा. ऑनलाइन मागवला, स्वस्त आणि भरपूर स्टार असलेला. रायफलवर बसवला, डोळा लावला, तर समोर नुसतं दही! काळं वर्तुळ कुठे आणि पांढरा कागद कुठे, काही पत्ता नाही.

स्कोप काढून हातात घेतला आणि उघड्या शटरमधून बाहेर पाहिलं. लांबच्या टॉवरच्या गच्चीवरची टाकी दिसली, टाकीवरचं कंपनीचं नाव दिसलं, नावाखाली कुणीतरी खडूने काढलेला बदामसुद्धा दिसला!

गायकवाड मॅडमनी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. काच शंभर मीटरवरचं साफ दिसेल अशी लावलेली होती आणि ती बदलायची सोय नव्हती.

भोईर सरांनी स्कोप हातात घेऊन उलटसुलट केला. म्हणाले, "स्कोप बेस्ट हाय, पाटकर. बोला, तुमचं कार्ड शीळफाट्याला लावू काय?"

*

मग काकांना घेऊन ठाण्याला एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण आणि फार उत्साही. त्याने काउंटरवर मखमली कापड पसरलं आणि चार स्कोप मांडले.

"अंकल, बाकी सगळं विसरा. कोटिंग बघा, कोटिंग! काचेवर जेवढे थर जास्त, तेवढं पिक्चर क्लिअर. हा मल्टिकोटेड आहे. जरा तिरका करून बघा, हिरवी झाक दिसेल."

काकांनी हापूस बघावा तसा तो स्कोप फिरवून पाहिला. नाकाजवळही नेला, मग भानावर येऊन खाली ठेवला.

"हा बिगिनर," दुकानदार एकेकाला हात लावत म्हणाला, "हा सेमी-प्रो, हा प्रो आणि हा टॉप."

काकांनी चौघांकडे नीट पाहिलं. "आणि मोतीबिंदूवाला कुठला?"

दुकानदाराने चारही स्कोपवरून पुन्हा नजर फिरवली. मनापासून विचार करून म्हणाला, "त्याच्यासाठी अंकल, समोर चष्म्याचं दुकान आहे."

*

काकांच्या मेव्हण्याच्या मित्राने चोवीस पट मोठं दाखवणारा एक स्कोप बघायला दिला. काकांनी डोळा लावला. कार्डावरचं इवलंसं काळं वर्तुळ जेवणाच्या ताटाएवढं झालं. काका खूश! पण दोन मिनिटांनी त्यांनी रायफल खाली ठेवली.

"सर, हे उडतंय."

"काय उडतंय?"

"ताट. एका ठेक्यात उडतंय. ठप-ठप, ठप-ठप."

"ते तुमचं हृदय हाय, काका. एवढं मोठं करून बघितलं की नाडी पण दिसते."

काकांचा चेहरा उतरला. त्या दिवशी एकही छर्रा न मारता घरी गेले. पुढच्या रविवारी आले ते हातात एक्स-रेचं असतं तसं मोठं पाकीट घेऊन. त्यातून ईसीजीचा कागद काढून त्यांनी सरांच्या टेबलावर पसरला.

"डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम नॉर्मल! म्हणजे दोष स्कोपचाच."

स्कोप त्याच दिवशी परत गेला.

*

पुढचा स्कोप एका जुन्या शिकाऱ्याच्या नातवाकडून आला. मोठ्या काडतुसाच्या बंदुकीवरचा, जाड, वजनदार, बघूनच विश्वास बसावा असा. सदतीस छर्रे उत्तम गेले. अडतिसाव्याला आतली नेम धरायची फुली तिरकी झाली आणि एकोणचाळिसाव्याला पडली.

"एवढ्या मोठ्या बंदुकीचे धक्के सोसलेला माल," काका हळहळले, "आणि आपल्या चिमुकल्या एअर रायफलने मोडला?"

भोईर सर म्हणाले, "मोठी बंदूक फक्त मागं हाणते, काका. आपली स्प्रिंगवाली आधी मागं आणि मग पुढं. या बिचाऱ्याला एकाच बाजूने मार खायची सवय!"

काका घरी गेले आणि फिटरच्या धर्माला जागून त्यांनी स्कोप उघडला. आत काय असतं ते बघितल्याशिवाय दुसरा कसा घेणार, हा त्यांचा सवाल. उघडला तो परत बंद झाला नाही. त्याच्या नळीत वहिनी आता उदबत्त्या ठेवतात.

*

एव्हाना चार महिने झाले होते. आम्ही सगळे किती पट, कुठलं कोटिंग, काचेचा व्यास किती यावर अधिकारवाणीने बोलत होतो. गायकवाड मॅडम मात्र पहिल्या दिवसापासून रायफलबरोबर आलेल्या, नेम धरायच्या साध्या भोकातून बघून मारायच्या आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं मारायच्या.

एका रविवारी डब्यातला उपमा खाता खाता त्यांनी सहज विचारलं, "पण सर, दहा मीटरच्या स्पर्धेत स्कोप चालतो का?"

भोईर सर म्हणाले, "नाय चालत."

मी उपम्याचा चमचा खाली ठेवला. काका म्हणाले, "सर! चार महिने आम्ही इथे डोकी फोडतोय! तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलात कुठं? मला वाटलं, तुमचा हाच छंद हाय."

पण सर मनाने चांगले. काकांचं तोंड बघून त्यांनी तिथल्या तिथे ठाण्याच्या एका क्लबला फोन लावला आणि पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, स्कोप चालेल अशी घरगुती मॅच ठरवली. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, आमच्याच रेंजवर. त्यांचे दोन, आमचे दोन. चाळीस छर्रे, चारशे गुण. वहिनींना कळताच त्यांनी मुदत मॅचपर्यंत वाढवली आणि आकडाही ठरवून टाकला. तीनशे चाळीसच्या वर गेले तर रायफल राहील. खाली आले तर माळा.

ऑपरेशननंतर काका तीनशे वीसच्या वर एकदाही गेले नव्हते.

*

शेवटी मॅडमनीच स्कोप निवडला. फक्त चारपट मोठं दाखवणारा, साधा, एअर रायफलसाठीच बनवलेला आणि दहा मीटरवर साफ दिसणारा. बाकीच्या सगळ्यांपेक्षा स्वस्त. "तपासल्याशिवाय घ्यायचा नाही," त्या म्हणाल्या. शाळेत ताणकाटासुद्धा तपासून घेणारी बाई!

तपासायची रीत अशी. एकाच जागी नेम धरायचा. पहिला छर्रा मारायचा. मग स्कोपची घुंडी वीस खटके वर फिरवून दुसरा, वीस खटके उजवीकडे फिरवून तिसरा, तेवढेच खाली येऊन चौथा, तेवढेच डावीकडे येऊन पाचवा. कार्डावर चौकोन उमटतो. स्कोप प्रामाणिक असेल तर पाचवा छर्रा पहिल्याच भोकातून जायला हवा.

मॅडमनी पाच मारले. काकांनी कार्ड काढून आणलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"चारच आहेत."

त्यांनी कार्ड उलटं केलं, उजेडात धरलं, मग भिंतीपाशी जाऊन पाचव्या छर्र्याचं भोक भिंतीत शोधू लागले.

"मॅडम, एक भलतीकडेच गेला. हा पण फेल!"

मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "काका, पाचवा दिसत नाही, म्हणूनच तर पास!"

ते कार्ड काकांनी घरी लॅमिनेट करून लावलंय. पाहुण्यांना ते अजून दाखवतात, "यात पाच आहेत. शोधा."

*

आता मॅचची गोष्ट.

ठाण्याकडून आले कर्णिक आणि त्यांचे एक जोडीदार. कर्णिक म्हणजे कडक इस्त्रीतला माणूस. त्यांचा स्कोप मखमलीच्या डब्यात. काचेसाठी वेगळा ब्रश, वेगळा कपडा आणि फुंकर मारायला रबरी फुगा. त्यांच्या स्कोपला जोडीदारालासुद्धा हात लावायची परवानगी नव्हती.

सावंत काका मोहन्याहून रिक्षाने आले. रायफल बॅगेतून काढली, स्कोपचं झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले. मी जवळ गेलो. पुढच्या काचेवर हळद! कडेकडेने ओल्या हळदीचं बोट गोल फिरवलेलं, आतपर्यंत पिवळसर ओघळ, आणि वर एका बाजूला कुंकवाचा टिळा. दोन तांदळाचे दाणेही चिकटले होते.

"दसऱ्याची पूजा," काका हळूच म्हणाले. "हिने माझे पाने पुजले, विळी पुजली, मिक्सर पुजला. रायफलच्या नळीवर लाव म्हटलं, तर म्हणाली, बघते कुठून ती? मग डोळ्यालाच लावायला नको?"

भोईर सर रुमाल घेऊन धावले. काकांनी स्कोप छातीशी धरला.

"पुसायचं नाही. पूजेचं पुसायचं नाही असं तिने बजावलंय."

"काका, काच हाय ती! मॅच हाय! माळा आठवा जरा!"

"काच माझी, पूजा तिची," काका म्हणाले. "दाणे तेवढे काढतो. दाण्यांचं ती काही बोलली नव्हती."

आणि उभे राहिले. मी शेजारच्या लेनवर होतो. माझं जे व्हायचं ते झालं, तीनशे चार. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण काका संथपणे मारत होते. छर्रा भरायचा, श्वास सोडायचा, मारायचा. गायकवाड मॅडम कार्डं आणून गुण मांडत होत्या. तिसऱ्या कार्डानंतर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि बेरीज पुन्हा केली.

सावंत काका, तीनशे बावन्न. कर्णिक, तीनशे एकोणपन्नास.

काकांनी तिथूनच घरी फोन लावला. "तीनशे बावन्न!" पलीकडून वहिनींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "बरं. मग माळ्यावर पापडाचे डबे ठेवते."

कर्णिक शांतपणे काकांपाशी आले. "जरा बघू?" म्हणाले. काकांनी रायफल रिकामी आहे हे दाखवून पुढे केली. कर्णिकांनी डोळा लावला. एक मिनिट गेलं, दोन गेली. गिरणी सुरू होऊन बंदही झाली. मग त्यांनी डोळा काढला, आपल्या स्कोपमधून पाहिलं, पुन्हा काकांच्या स्कोपमधून पाहिलं.

"कोटिंग कुठलं?"

"घरचं," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी रेंज बंद होती म्हणून मी मोहन्याला काकांकडे चहाला गेलो होतो. बेल वाजली. काकांनी दार उघडलं. बाहेर कर्णिक, कडक इस्त्रीत. एका हातात मखमलीचा डबा, दुसऱ्या हातात नारळ.

"वहिनी आहेत का घरात?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बसा म्हणावं. आणि विचारा, आंघोळ करून आलेत ना?"