माननीय सदस्यांचा बाक

मुलांनो, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भावजींइतका पार्लमेंटला वाहिलेला माणूस खुद्द पार्लमेंटातही सापडायचा नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडच्या संसदेत एक खासदार होते. इतिहासाने त्यांची दखल घेतली नाही. ती भावजींनी घेतली. निवृत्तीनंतर मुलाकडे इथे आखातात, अल रीम आयलंडवर आल्यावर त्यांनी इंटरनेटवरून त्या खासदारांचं सभागृहातलं प्रत्येक वाक्य छापून फाइलला लावलं. गृहस्थांनी पावाच्या वजनापासून टपालपेटीच्या रंगापर्यंत प्रश्न विचारलेले. पण जीव अडकला होता एका बाकात. गावच्या स्टेशनवर म्हाताऱ्यांना बसायला बाक हवा. दर अधिवेशनात तोच प्रश्न आणि मंत्र्यांचं तेच उत्तर, "विचार चालू आहे."

भावजी घरातही तीच शिस्त पाळत. चहात साखर कमी पडली तरी "अध्यक्ष महोदया" म्हणत उभे राहत. वहिनी म्हणत, "अहो, सभागृह तहकूब झालंय. मला ओटा पुसू द्या." नातू आतून ओरडे, "आजोबा, नॉट अगेन!"

पण वहिनींचे गुडघे दुखू लागले. आमच्या इमारतीखाली टेकायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी खाली येणंच सोडलं. एकविसाव्या मजल्यावरून नुसता समुद्र बघत बसत. भावजींना ते बघवेना. ते दर सोमवारी मॅनेजरला बाकासाठी पत्र देऊ लागले, वर क्रमांक घालून. मॅनेजर केरळचा, फार गोड माणूस. "अंकलजी, हो जायेगा, इन्शाल्ला." भावजी मला समजावत, "ताई, हे आपलं 'विचार चालू आहे' बरं का!"

सतराव्या पत्रानंतर बाक आला. भावजी वहिनींना हाताला धरून खाली घेऊन आले, त्यांना बसवलं आणि फाइलचं शेवटचं पान उघडलं. खासदारांचा तो शेवटचा प्रश्न. पुढच्या निवडणुकीत ते पडले, बाक काही मिळाला नाही. भावजींनी उभं राहून प्रश्न वाचला आणि मग मंत्र्यांच्या आवाजात उत्तरही दिलं, "माननीय सदस्यांची मागणी मान्य आहे. विलंबाबद्दल सरकार दिलगीर आहे."

"बरं झालं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "आता सरकारनेही बसावं."

पुढे मुलाची नोकरी बदलली आणि ती दोघं पुण्याला गेली. मी संध्याकाळी बाकावर बसते, पण अजूनही अगदी कडेलाच, त्या दोघांची जागा सोडून. परवा मॅनेजर म्हणाला, "आंटी, मंडे को अब कोई चिठ्ठी नहीं आती."

बाकावर सावली हवी, असं पत्र मी काल त्याला दिलं. वर क्रमांक घातला अठरा.