वेदीपुढे ठेवलेला घड

अक्का गेल्याचा निरोप तिची धाकटी बहीण शांता हिनेच आणला. जळगावच्या दवाखान्यात शेवटपर्यंत तीच अक्काजवळ होती. अक्काचे यजमान नाना मागून गाडीने तिला घेऊन येणार होते, ही सकाळच्या एसटीने पुढे आली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. चपला काढता काढता म्हणाली, "ती येतेय मागून. तिची खोली झाडून घेऊ." रडली नाही. दोघींनी मिळून खोली झाडली, पुसली, खाट भिंतीला लावली... आणि मला वाटलं, ही बाई एके काळी आमच्या यावलच्या घराची पायरीसुद्धा चढत नव्हती.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, एस्तेर. तिला वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, म्हणून लग्न होऊन आल्यापासून सकाळचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबल वाचणं, माझ्याकडे आलं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण पुस्तक समोर असलं की मान वर करावी लागत नाही, ते बरं वाटायचं. चहा झाला की मी एक अध्याय वाचायची. बाकीच्या घरांत आमेन म्हणून लोक उठतात, आमच्याकडे अक्का विचारायची, "मग आज यातलं काय करायचं?" दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, असं वाचलं त्या दिवशी नानांचा स्वेटर केळीच्या बागेतल्या मजुराच्या अंगावर गेला. नाना चिडले, "स्वतःचं लुगडं दे ना." ती म्हणाली, "ते तुमच्या स्वेटरच्या आधीच गेलं." तेव्हापासून नाना मला हळूच विचारत, "विमल, उद्या काय येतंय? कपड्यांचं असलं तर सांगून ठेव."

एवढी देणारी बाई, पण सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हती. त्यांची आई सावद्याला शांताकडे राहायची. ती एप्रिलच्या उन्हात वारली. अक्काची एसटी वाटेत बंद पडली, ती पोचली तोवर दफन उरकलं होतं. उन्हामुळे थांबता येत नव्हतं, हे आज मला कळतं, अक्कालाही कळत असेल. पण कबरस्तानात सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मला आईचं तोंड पाहू दिलं नाहीस, तुझ्या घरचं पाणी मला नको." त्यावर बरीच वर्षं गेली.

चौऱ्याऐंशी नाहीतर पंच्याऐंशी साल असेल. आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण होता. त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात, ज्वारी, वांगी, एखादी कोंबडीसुद्धा, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. आदल्या सकाळी वाचनात नेमकं ते आलं होतं, की अर्पण आणलंस आणि बहीणभावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. अक्काने त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं. सणाला तिने केळीचा हिरवा घड वेदीपुढे ठेवला, जराशी थांबली, आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "याचा लिलाव करू नका. मी सावद्याहून येते." उपासना सुरू व्हायची होती. नानांनी मला डोळ्याने खुणावलं, मी तिच्या मागे गेले.

शांता दारात सूप घेऊन बसली होती. दोघींचं माहेर धुळ्याकडचं, आपसात त्या अहिराणीच बोलत. अक्काने घडाची हकीकत सांगितली. शांता पाखडायची थांबली नाही. म्हणाली, "तू मनाकरता नही उनी. पुस्तकमा लिखेल शे म्हनीसन उनी." माझ्यासाठी नाही, पुस्तकात लिहिलंय म्हणून आलीस, असा त्याचा अर्थ. पाणी शांताने विचारलं नाही आणि अक्काने मागितलं नाही. आम्ही आलो तशा परत निघालो.

मंदिरात लिलाव होऊन गेला होता, घड तेवढा वेदीपुढे राहिला होता. पाळकसाहेब समजुतीने म्हणाले, "बाई, तुम्ही जाऊन आलात, देवाने ते पाहिलं. आता द्या." अक्का म्हणाली, "नुसतं जाऊन यायचं असतं तर दिला असता. समेट करून ये, असं वाचलंय हिने." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पायाकडे पाहत राहिले. घड घरी आला, आढ्याला टांगला आणि पिवळा पडायला लागला. मुलं घिरट्या घालत. "देवाला दिलेला नाही आणि आपलाही राहिला नाही, हात लावू नका," अक्का म्हणायची. नाना म्हणाले, "मग कोणाचा? माश्यांचा?"

एका सकाळी मी पुस्तक उघडायला गेले तर अक्का म्हणाली, "राहू दे आज." तिने घड उतरवला, टोपलीत घातला आणि एकटीच गेली. पुढचं मला शांताने सांगितलं, अक्काची खोली झाडली त्या दिवशी. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "केळी पिकी गयात. मायले आवडेत." शांताने मुद्दाम विचारलं, आज पुस्तकात काय निघालं? अक्का म्हणाली, आज वाचलंच नाही. मग खाली बसली आणि म्हणाली, "पानी दे."

मंदिराला तो घड मिळालाच नाही. दोघी बहिणींनी आणि शांताच्या शेजाऱ्यांनी खाल्ला.

माती दिल्यावर शांता अक्काच्या खोलीतच राहिली आहे. चहानंतर मी वाचते, ती दाराशी बसून ऐकते. अक्का ऐकलेलं करायला उठायची, ही वाद घालते. काल आलं, की कोणी एक कोस चल म्हणालं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. शांता म्हणाली, "माझे गुडघे पाहिलेत का त्याने?" नाना रोज संध्याकाळी कबरस्तानाकडे निघतात आणि अर्ध्या रस्त्यातून, पिठाच्या गिरणीपासून, परत येतात... पुढे जाववत नाही. काल निघताना ते शांताला म्हणाले, "गिरणीपर्यंत येतेस का?" ती कुरकुरत उठली. दोघं दिवेलागणीला परतले. मी पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन गेले, तर दोघांच्याही चपलांना कबरस्तानातली काळी माती लागलेली होती.