पेल्यातलं पान

फोटोकाका जंगलाचा फोटो सुधारायला बसले की कॉम्प्युटरशेजारी स्टीलच्या पेल्यात एक ताजं पान ठेवत. सागाचं, मोहाचं, फोटोत जे झाड असेल त्याचं. हिरवा रंग वाढवताना माझा हात जरा सैल सुटला, की मागून आवाज यायचा, "कॉन्व्हेंट, पानाले विचार!"

इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मी कॉन्व्हेंट. तिरोड्यातल्या त्यांच्या स्टुडिओत कामाला लागले तेव्हा मी फारसं बोलायचेच नाही. काकांना त्याचं काही नव्हतं. "फोटो बोलते ना, मंग तुले कायले बोला लागते?"

लग्नाच्या फोटोत ते नवरीला मागेल तितकं गोरं करून देत. जंगलाच्या बाबतीत मात्र हट्टी. वाळका बांबूही पुसू देत नसत. मी सावली उजळली तर म्हणत, "तिथं अंधारच होता बाप्पा. मी उभा होतो ना!"

पुढे पेला रिकामा राहू लागला. "रंग आता डोळ्यात बसला," म्हणायचे. त्याच सुमारास ते मॉनिटरवर चिडू लागले. "सारं पिवळं काऊन दिसून राहिलं?" म्हणत पिवळा कमी करायचे. ट्यूबलाइट बदलली, मॉनिटर नवा आणला. त्यांची जंगलं निळी होत चालली होती. मला ते दिसत होतं, पण सांगायचं कसं?

मग जंगलाशेजारच्या एका लॉजचं काम आलं. भिंतभर फोटो, खाली काकांचं नाव. इतकी वर्षं रानात फिरून ते पहिल्यांदाच भिंतीवर लागणार होतं. नमुन्याची प्रिंट निघाली. सागाचं रान शाईत बुडवल्यासारखं. काका खूश. "पाठव," म्हणाले.

मी मागच्या दारी जाऊन सागाचं पान तोडलं आणि प्रिंटवर ठेवलं.

"पानाला विचारा, काका."

"हे वाळकं काऊन आणलं वो?"

"आत्ताच तोडलंय."

त्यांनी देठ चिमटीत दाबला. ओला होता. बोटं पँटला पुसली, चष्मा काढला, परत लावला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे डोळेच गेले का माहे."

गोंदियाच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. त्यामुळेच सगळं पिवळं दिसत होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काका आधी हा, मग तो डोळा झाकून तीच प्रिंट पाहत बसले. "दोन जंगलं आहेत वो माह्याजवळ!" लॉजचे सगळे फोटो आम्ही नव्याने केले, पेल्यात पान ठेवून. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ते बरेच दिवस टाळत राहिले, शेवटी केलं.

ती निळी प्रिंट त्यांनी चौकट करून काउंटरमागे लावली. गिऱ्हाइकांना तीच जास्त आवडते. कुठलं जंगल म्हणून विचारलं की काका सांगायचे, "माह्या डोळ्यातलं. बंद झालं आता."

काका आता मुलीकडे बालाघाटला राहतात. लोक अजून विचारतात. एवढं सगळं कोण सांगत बसणार? मी म्हणते, काका आले की विचारा.