नावांचे ठेकेदार सान्यालबाबू

सान्यालबाबू निवृत्त झाले विमा कचेरीतून, पण बाणेरच्या सोसायटीत त्यांचा रुबाब राजकवीचा. मुलाची नोकरी हिंजवडीला म्हणून कोलकात्याहून आलेला हा गृहस्थ लिफ्टमध्ये भेटेल त्याच्या पोराचं नाव विचारी आणि ऐकून असं तोंड करी, जणू कोणी शिळी मासळी नाकाशी धरली आहे. समोरच्या भाग्यश्रीताईंना नातू झाला, तेजस ठेवलं, तर यांनी तोंडावर सांगितलं की असले तेजस दर मजल्यावर दोन मिळतात.

महिन्याभरात यांनाही नात झाली. तिचं नाव दुसरं कोणी ठेवावं, हा प्रश्नच नव्हता. सून शर्मिष्ठा हिनं नऊ महिने मनात जपलेलं 'इरा' त्यांनी जागीच उडवलं. दोन अक्षरांत माणूस संपतो का, म्हणे. बंगाल्यांत पोराला नावं दोन. एक घरात हाक मारायचं, जितकं वेडंबागडं तितकं बरं, दृष्ट लागत नाही. दुसरं चारचौघांत मिरवायचं. घरातलं त्यांनी दवाखान्यातच ठेवून टाकलं: पुटी, म्हणजे तिकडच्या तळ्यातली बोटभर मासळी. मिरवायच्या नावासाठी मात्र जाडजूड शब्दकोश उघडून बसले.

मधेच जन्मनोंदणीचा फॉर्म आला. मुलगा कामावर, सून अंथरुणात. बाबूंनी पेन उचललं. त्यांच्या लहानपणी चांगलं नाव शाळेत घालतानाच लागायचं, आधीचे कागद कोण बघतो? नावाचा रकाना कोरा ठेवता येतो, असं खाली छापलं होतं. पण सूचना वाचणं बाबूंच्या इभ्रतीत बसेना. त्यांनी ऐटीत 'पुटी' लिहून दिलं.

सहाव्या महिन्यात उष्टावणाच्या जेवणाला त्यांनी चाळीस पाहुण्यांपुढे नाव जाहीर केलं: हिरण्यमालिका. ते समजावून सांगेपर्यंत खीर गार झाली. आठवड्याने पासपोर्टसाठी दाखला काढला, तर त्यावर पुटी सान्याल.

बाबू कचेरीत धावले. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की नाव बदलायला आईवडिलांचा अर्ज लागेल, आजोबांचा चालत नाही. मुलगा म्हणाला, शर्मिष्ठा म्हणेल तसं. आयुष्यात पहिल्यांदा बाबू सुनेपुढे कागद घेऊन उभे राहिले.

"बाबा, बदलायचं तर इरा करू," ती पुटीला भरवता भरवता म्हणाली. "नाहीतर आहे ते राहू द्या. फॉर्म तुम्हीच भरलात."

बाबूंनी दोन दिवस विचार केला. सुनेचं नाव मान्य करण्यापेक्षा त्यांना मासळी परवडली. कागद घडी करून शब्दकोशात गेला.

नवव्या महिन्यात गोवराची लस होती. दवाखान्यात बाबू नातीला मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी तेजसला घेऊन भाग्यश्रीताई. नर्सने पुकारलं, "पुटी सान्याल." बाबू भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. तिने पुन्हा पुकारलं. मांडीवरची पोर आपलं नाव ऐकून हात नाचवू लागली.

"उठा, सान्यालबाबू," ताई म्हणाल्या. "हे नाव दर मजल्यावर नाही मिळत."